शाळेजवळची विहीर

"शाळेजवळ विहीर आहे ना, काका?" टेबलापलीकडच्या मुलीने विचारलं आणि त्याने चमकून मान वर केली.

पूररेषेचे दाखले देणारं ते कार्यालय. घर रेषेच्या आत की बाहेर, हे इथे लिहून मिळतं आणि त्या कागदावर पुराचा विमा ठरतो. हॉल थंडगार, मुलीच्या अंगात स्वेटर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. शेजारच्या खुर्चीत त्याची लेक कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिला घर घ्यायचं होतं तेही त्या गावात, जिथे ती दहा वर्षांची होईपर्यंत वाढली आणि जिथे तिची आई शाळेत शिकवायची. आई जाऊन चौदा महिने झाले होते. तेव्हापासून लेकीने या घराचं मनात घेतलं होतं. खालच्या आळीतलं, नदीकडचं, दोन खोल्यांचं घर. त्याने दोन-तीनदा "बघू, एवढी काय घाई आहे" असं म्हणून पाहिलं होतं. आज ती त्याला घेऊनच आली होती. लेकीने आळीत आलेल्या जुन्या पुराचं सांगितलं, तरी मघाशी मुलगी म्हणाली होती, "विम्याची गरज नाही, ताई. घर रेषेच्या बाहेर आहे." हे ऐकायला मिळणार हे त्याला घरून निघतानाच ठाऊक होतं. चप्पल घालताना ठाऊक होतं, बसमध्ये खिडकीशी बसताना ठाऊक होतं. ऐकल्यावर काय करायचं तेवढं ठरवलं नव्हतं. विहिरीचं मात्र त्याला काहीच माहीत नव्हतं.

"विहीर?" लेक म्हणाली. "मी त्याच शाळेत होते. विहीर कुठली? बाबा, होती का?"

"नव्हती," तो म्हणाला.

"नकाशात आहे," मुलगी म्हणाली. म्हाताऱ्या माणसांशी बोलताना आवाजात जो एक जास्तीचा धीर येतो, तो तिच्या आवाजात आला. तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. निळी रेषा, आणि शाळेपाशी रेषेवर एक गोल. "बघा. नवा नकाशा मंजुरीला चाललाय, म्हणून आम्ही सगळं तपासून घेतोय. जुन्या नकाशावरून उतरवलंय हे. तिथे ठिपका आहे, म्हणजे विहीरच असणार. थांबा, जुना दाखवते." तिने दोनदा बोट आपटलं. निळी रेषा गेली आणि पिवळट कागद वर आला. कागदावर शाईची रेषा होती, कडेला बारीक, किंचित डावीकडे झुकलेलं अक्षर होतं, आणि ते अक्षर त्याचं होतं.

रेषा नदीच्या बाजूने येत होती, एका जाडीची, कुठे थरथर नाही. अशी रेषा ओढणारी माणसं तेव्हा खात्यात तीनच होती आणि तो त्यातला एक होता. साहेब म्हणायचे, याच्या हातात पाणी आहे. शाळेपाशी आल्यावर रेषा किंचित सुजली होती. डाळीच्या दाण्याएवढी. मग पुन्हा बारीक होऊन पुढे निघून गेली होती. चौतीस वर्षांत त्याने तो नकाशा पाहिला नव्हता, पण ती सूज कुठे असेल हे त्याला डोळे मिटून दाखवता आलं असतं. आणि खात्याने तिची विहीर केली होती. त्याला एकदम हसू यायला लागलं. असलं काही घरी सांगायचं तर ते एकाच माणसाला सांगण्यासारखं होतं, आणि ते माणूस आता घरी नव्हतं.

तेव्हा ते शाळेमागच्या दोन खोल्यांत राहायचे. ती सकाळी अंगण ओलांडून शाळेत जायची, तो बसने जिल्ह्याच्या नकाशा कार्यालयात. पूररेषा आखायचं काम निघालं तेव्हा त्याच्या वाट्याला आपलाच भाग आला. जुन्या पुरांची नोंद कुठेच नव्हती, आणि साहेबांनी सांगितलं, गावात खूण असेल ती धर. खूण होती. जुन्या लोकांनी मोठ्या पुराचं पाणी जिथवर चढलं तिथे शाळेच्या भिंतीवर लाल रेघ मारून ठेवली होती. एका रविवारी, शाळा बंद असताना, तो तिपाई आणि दुर्बीण घेऊन अंगणात गेला, ओट्यापासून लाल रेघेची उंची मोजली, वहीत लिहिली. कोणाला काही विचारायचा प्रश्नच आला नाही. रेघ समोर होती, ठसठशीत, ताज्या रंगाची. ताज्या रंगाची का, हे त्याच्या मनात आलं नाही. महिन्यापूर्वी शाळेला चुना लावला होता आणि जुनी रेघ चुन्याखाली गेली होती, हे त्याला माहीत असायला हवं होतं, कारण चुन्याचे शिंतोडे त्यांच्याच दाराला उडाले होते आणि त्यावरून बायकोने रंगाऱ्याला चांगलं फैलावर घेतलं होतं.

मग तो दिवस. दिवेलागणीच्या आधीची वेळ. खिडकीशी टेबल, टेबलावर नकाशा, उद्याच्या पहिल्या बसने तो कार्यालयात द्यायचा. मोजणीचं सगळं काम पेन्सिलीत झालेलं, वरून शाई फिरवायची बाकी. ती मागे दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत होती. मुलांचं काहीतरी सांगत होती. ती नेहमीच मुलांचं काहीतरी सांगायची. कोण म्हणालं मी पुरापेक्षा उंच आहे, कोण टाचा वर करून उभं राहिलं. तो मधूनमधून "हं" म्हणत होता. त्याचं "हं" घरात प्रसिद्ध होतं. ती म्हणायची, "अहो, तुमचं 'हं' म्हणजे दारावरची पाटी. घरात कोणी नसलं तरी ती असतेच." रेषा शाळेच्या अगदी जवळ आली होती, आणि ती म्हणाली, "त्यांना पोचत नव्हती ना, म्हणून चुन्यानंतर नवी रेघ मी हातभर खाली घेतली. खरी खूण वर होती, दाराच्या चौकटीच्या पट्टीशी. तुम्हाला लागत असेल तर सांगते." पेन थांबलं. किती वेळ थांबलं? एका श्वासाएवढं. शाई कागदात उतरायला एक श्वास पुरतो. त्याला एवढंच दिसलं की रेषा बिघडतेय. त्याने टिपकागद दाबला, पेन पुढे सरकवलं आणि म्हणाला, "हं."

डोंगराळ मुलखात हातभर उंचीचं काही वाटत नाही. सपाट मुलखात हातभर म्हणजे नकाशावर दोन शेतं आणि एक आळी. खालच्या आळीतली नऊ घरं रेषेच्या बाहेर राहिली. हे त्याला त्या संध्याकाळीच समजलं होतं का? पुढे कित्येक वर्षं तो स्वतःला सांगत आला की नाही, आपण ऐकलंच नव्हतं, कामात होतो. हे सांगताना मन कसं गुळगुळीत होत जातं हे त्याने स्वतः अनुभवलं होतं. पण रात्री जेवताना त्याने तिच्याकडे पाहिलं नव्हतं, हेही त्याला आठवत होतं. सकाळी बसला जाताना शाळेच्या दारासमोरून जायच्याऐवजी तो मागच्या बांधावरून गेला, पायाला चिखल लागला, तोही आठवत होता. दाराच्या चौकटीकडे नुसती मान वर केली असती तर चुन्याखालून लाल दिसलं असतं. मग अख्खी रेषा ब्लेडने खरवडावी लागली असती, पुन्हा मोजणी, पुन्हा शाई, साहेबांपुढे मान खाली. आणि रेषा सुंदर आली होती. हे सगळ्यात वाईट होतं. ती सुंदर आली होती.

"काका, विहीर बुजवली असेल का नंतर?" मुलगी विचारत होती.

"अं? नाही," तो म्हणाला. "बुजवायला मुळात हवी ना."

लेक हसली. "बाबा असेच आहेत. ते याच खात्यात होते, बरं का. नकाशेच काढायचे."

"हो का?" मुलगी कौतुकाने म्हणाली. "मग तुम्हाला सगळं माहितीच असेल."

खालच्या आळीत एक बाई होती, सगळे तिला मशीनवाली म्हणायचे. शिवणाचं मशीन दारातच मांडलेलं, येणाऱ्याजाणाऱ्याची खबर पायाने मशीन चालवत घ्यायची. विम्याचा माणूस आळीतून फिरून गेला तेव्हा तिने त्याला हाक मारली होती. "साहेब, तो माणूस म्हणतो तुम्हाला नको, तुम्ही बाहेर. तुम्ही सांगा. घेऊ का नको?" तो सायकल धरून उभा होता. "कशाला?" तो म्हणाला होता. "रेषेच्या बाहेर आहात. उगीच कशाला खर्चात पडता?" तिने तोंडातला दोरा तोडला. "तुम्ही म्हणता म्हणजे झालं. घरचं माणूस आहे खात्यात." घरचं माणूस. हा शब्द त्याला पुढे कधी चुकला नाही. नंतर सहा वर्षांनी पाणी आलं ते ओटे, खिडक्या करत शाळेच्या चौकटीच्या पट्टीला जाऊन टेकलं आणि तिथे थांबलं, जणू त्याला जुनी खूण ठाऊक होती. माणसं वरच्या बाजूला पळाली होती, ती वाचली. बाकी काही वाचलं नाही. पाणी उतरल्यावर आपल्या खोल्या तशाच टाकून तो आणि बायको फावडी घेऊन खालच्या आळीत गेले. मशीनवाली दारात उभी होती. मशीनच्या चाकात गवत अडकलं होतं, ते ती एकेक काडी करून काढत होती. त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "साहेब, तुमची रेघ पाण्याला कोणी दाखवली नाही वाटतं." आजूबाजूचे दोघेतिघे हसले. चिखलात उभं राहून माणसं हसतात तसं. तोही हसला. त्या हसण्याची लाज त्याला बाकी सगळ्याहून जास्त वाटत आली होती.

त्या दिवशी घरी येऊन बायको पायरीवरच बसली. पायाचा चिखल वाळून पांढरा झाला तरी उठेना. म्हणाली, "अहो, मीच खाली आणली ती रेघ. तुम्ही तीच मोजलीत ना? मुलांना हात पोचावा म्हणून मी, नऊ घरं..." तिला आठवत नव्हतं. आपण हे आधी सांगितलं होतं, हे तिला आठवतच नव्हतं. सांगून ती कपड्यांच्या घड्या घालायला लागली होती, झालं होतं. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुझी काय चूक?" तो म्हणाला. "तू मुलांसाठी केलंस." किती समजूतदारपणे म्हणाला तो! आवाजही दाटून आला होता, खोटा नव्हता तो आवाज. त्याने तिला माफ केलं. स्वतःच्या चुकीबद्दल त्याने तिला माफ केलं, आणि तिने ती माफी ओच्यात बांधून सत्तावीस वर्षं सांभाळली. पुढे खात्याने विचारलं, पाणी रेषेच्या एवढं वर कसं गेलं, तेव्हा त्याने एक शब्द लिहून दिला. अपवादात्मक. शब्द वजनदार होता, साहेबांना आवडला, रेषा होती तिथेच राहिली. वर्षभरात त्याने शहरात बदली मागून घेतली. जाताना मशीनवालीकडे बायको एकटी जाऊन आली. डोळे सुजवून आली, काय बोलणं झालं ते सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही.

शहरात तिने पुन्हा शाळेत नोकरी धरली नाही. विचारलं तर म्हणायची, "आता नको, मला उंचीचं कळत नाही." विनोद म्हणून म्हणायची. लेक मोठी झाली तशी ती गोष्ट घरातली गोष्ट झाली, आईची रेघ. लेक लग्नाआधी कधीतरी आपल्या होणाऱ्या नवऱ्याला सांगत होती, "आमची आई म्हणजे इतकी हळवी, एका रेघेचं दुःख तिने जन्मभर केलं." तो बाजूच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होता. पान उलटलं.

आणि दवाखाना. दुपारची वेळ, खिडकीचा पडदा अर्धा, शेजारच्या खाटेवरच्या बाईचा डबा आलेला. ती बरीचशी औषधाच्या गुंगीत असायची, पण त्या दुपारी डोळे स्वच्छ होते. म्हणाली, "अहो, एक विचारू? रेघेचं मी तुम्हाला तेव्हा सांगितलं होतं का हो? नकाशा जायच्या आधी? परवापासून असं वाटतंय की सांगितलं होतं. कपडे काढत होते मी." सत्तावीस वर्षांत दार एवढं सताड कधी उघडलं नव्हतं. नुसतं आत जायचं होतं. तो खुर्चीवरून थोडा पुढे झाला, तिचं पांघरूण सारखं केलं, जे सारखंच होतं. "आठवत नाही," तो म्हणाला. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हं."

त्या "हं"चं काय करायचं हे त्याला चौदा महिन्यांत कळलं नव्हतं. तिला पटलं होतं, की सगळं कळलं होतं? कोणाच्या दारावरची पाटी होती ती? सकाळी दात घासताना, दूध तापवताना ते कानात यायचं. तिचे कपडे लेकीने नेले, भांडी वाटून दिली, चष्मा त्याने कपाटात ठेवला. "हं" तेवढं घरात राहिलं.

"असं करा," मुलगी म्हणत होती. तिने एक छापील कागद पुढे सरकवला. "तुम्ही म्हणता पाणी खालच्या आळीत आलं होतं, तर हरकत नोंदवा. शुक्रवारपर्यंत मुदत आहे. कारण पटलं तर फेरमोजणी होईल, आणि सगळी आळी रेषेत येईल. नाहीतर हीच रेषा पुढची वीस वर्षं कायम."

"कारण आहे ना," लेक एकदम उजळून म्हणाली. "बाबा, कारण तर आपल्या घरातच आहे." तिने पिशवीतून पेन काढलं आणि भराभर लिहायला लागली. लिहिता लिहिता मुलीला सांगतही होती. आई, शाळा, मुलांचे हात. मुलगी "हो?", "अरेरे", "किती गोड" असं म्हणत होती. मग लेकीने वाचून दाखवलं. "पुराची मूळ खूण तत्कालीन शिक्षिकेने, तिचं महत्त्व लक्षात न आल्यामुळे, एक हात खाली रंगवली. त्यामुळे मोजणी चुकली." तिने डोळे पुसले आणि हसली. "आई असती तर म्हणाली असती, चला, एकदाचं माझं नाव सरकारी कागदावर आलं. घ्या बाबा, सही तुम्ही करा. खात्यातल्या माणसाची बरी."

पेन त्याच्या हातात आलं. वाक्यात खोटं काही नव्हतं. रेषा हलणार होती, आळीला विमा मिळणार होता, लेकीचं घर आत येणार होतं. मेलेल्या माणसाला कोणी जाब विचारत नाही. सगळं नीट बसत होतं, टिपकागद दाबल्यासारखं. फक्त सही करायची होती. त्याला जाणवलं की आपला चेहरा तसाच समजूतदार झाला आहे, पायरीवर झाला होता तसा.

"महत्त्व तिच्या लक्षात आलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"तिने मला सांगितलं होतं. रेघ खाली घेतल्याचं."

"हो, पुरानंतर. माहीत आहे, बाबा."

"पुरानंतर नाही. आधी. नकाशा जायच्या आदल्या दिवशी. खरी खूण कुठे होती तेही सांगितलं होतं."

मुलगी कीबोर्डवर काहीतरी टाइप करत होती. "हं," ती म्हणाली.

"हं म्हणू नका हो," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्याहून मोठा झाला. पलीकडच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं. "ऐका नुसतं."

"ऐकतेय काका," मुलगी गोंधळून म्हणाली आणि हात मांडीवर घेतले.

लेक त्याच्याकडे बघत होती. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"हं म्हणालो."

"ऐकलं नव्हतंत?"

याला उत्तर तयार होतं, चौतीस वर्षं घासून गुळगुळीत केलेलं. "ऐकलं होतं," तो म्हणाला.

आईसारखी तिची खालच्या ओठाची कड आत गेली. "आणि आईला? आईला कळलं होतं का, की तुम्हाला माहीत होतं?"

"दवाखान्यात विचारलं तिने. मी म्हटलं, आठवत नाही."

लेकीने कागद स्वतःकडे ओढला. आपलं वाक्य खोडलं. एका रेघेने खोडून तिचं भागेना. पुन्हा खोडलं, पुन्हा, कागद फाटायच्या बेताला आला. "ताई, दुसरा देते ना," मुलगी म्हणाली. "नको, हाच राहू दे," लेक म्हणाली. मग तिने कागद त्याच्यासमोर ठेवला, पेन त्यावर आडवं ठेवलं. "तुम्ही लिहा. तुमच्या अक्षरात." पिशवी उचलून ती उठली. "मी बाहेर आहे," ती म्हणाली. थांबते म्हणाली नाही.

त्याने लिहिलं. खोडलेल्या जागेखाली जेमतेम चार ओळी मावत होत्या. मूळ खूण चौकटीच्या पट्टीशी होती. शिक्षिकेने ती बदलल्याचं मला वेळेत सांगितलं होतं. मी मोजणी दुरुस्त केली नाही. नंतर पूर अपवादात्मक होता असं लिहून दिलं, तेही खरं नव्हतं. अक्षर तसंच येत होतं, बारीक, किंचित डावीकडे झुकलेलं. त्याला ते आवडलं नाही. मुलीने कागद घेतला, वाचला, स्क्रीनकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे. मग चष्मा वर सरकवला. काचेच्या दारापलीकडे लेक पाठमोरी उभी होती, रस्त्याकडे तोंड करून. तिथून ती वळेल की सरळ पुढे चालायला लागेल, हे पाठीवरून कळत नव्हतं.

"मग काका," मुलगी हळूच म्हणाली, "ही विहीर काढून टाकायची ना?"

त्याच्या घशात आपोआप "हं" आलं. ते त्याने गिळलं.

"हो," तो म्हणाला. "काढा. तिथे विहीर कधीच नव्हती. तिथे मला ऐकू आलं होतं."